एफआर, एफआरएलएसएच की एचएफएफआर? एकाच बिल्डिंगमध्ये तीन उत्तरं

पत्र: आमच्या नव्या बिल्डिंगचं काम चालू आहे. खाली नणंदेचा सहा बेडचा दवाखाना, पहिल्या मजल्यावर नवऱ्याचे क्लासेस आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहणार, जिना एकच. वायरिंगवरून डोकं फिरायची वेळ आलीये. इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळीकडे एफआर टाका, फायरप्रूफच असते. दुकानदार म्हणतो एफआर आता कोण घेतं, एफआरएलएसएच घ्या, आणि लायटर लावून पण दाखवलं, वायर खरंच विझली. आर्किटेक्ट म्हणतात एचएफएफआरशिवाय सही करणार नाही. भाऊ म्हणतो सगळं एकच असतं, नाव वेगळं लावून विकतात. नक्की काय घेऊ? आणि सासऱ्यांचं जुनं घर आहे, तिथली वायरिंग पण याच झटक्यात बदलून टाकावी का?

उत्तर:

ताई, भाऊ सोडला तर बाकीचे तिघं तसे चुकीचं सांगत नाहीयेत, फक्त प्रत्येकजण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. (इलेक्ट्रिशियनचा "फायरप्रूफ" हा शब्द मात्र सोडून द्या, फायरप्रूफ वायर अशी काही चीज नसते.) वायरला तीन गोष्टी विचारायच्या असतात: तू आग पुढे नेतेस का, जळताना धूर कसला आणि किती सोडतेस, आणि आगीत सापडलीस तरी करंट चालू ठेवतेस का. एफआर (फ्लेम रिटार्डंट, म्हणजे आग न पसरवणारी) वायर पहिल्या प्रश्नात पास होते. एफआरएलएसएच (तीच, पण कमी धूर आणि कमी हॅलोजनची; हॅलोजन म्हणजे क्लोरीनसारखी मूलद्रव्यं) पहिल्यात पास, दुसऱ्यात अर्धी पास. एचएफएफआर (हॅलोजन अजिबात नसलेली) म्हणजे काही ठिकाणी जिला एलएसझेडएच म्हणतात ती, पहिल्या दोन्हीत पास. आणि तिसरा प्रश्न तुमच्या पत्रातल्या चौघांपैकी एकानेही विचारलेला नाही, त्याच्यासाठी वेगळीच केबल लागते, फायर सर्व्हायवल म्हणतात तिला, त्याच्याकडे येतेच मी.

आधी दुकानातल्या लायटरचं सांगते कारण बहुतेक सगळ्यांना हाच खेळ दाखवला जातो. सुटी एक वायर हातात धरली, ज्योत लावली, काढली, वायर विझली, गिऱ्हाईक खूश. आता यातून एवढंच कळलं की एकटी वायर स्वतःहून जळत राहत नाही. लॅबमध्ये पण अशीच एक चाचणी असते, आयईसी ६०३३२-१ (आयईसी म्हणजे विजेच्या वस्तूंची आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड ठरवणारी संस्था), त्यात ६०० मिमीचा एक तुकडा उभा टांगून त्याला १ किलोवॅटची ज्योत लावतात. पण तुमच्या बिल्डिंगमध्ये एकटी वायर आहेच कुठे, डक्टमधून खालपासून वरपर्यंत पंचवीस-तीस वायरी एकत्र बांधून जाणार. एक काटकी पेटवली तर विझते पण मोळी पेटली की विझत नाही, तसंच इथे होतं, एकीची उष्णता दुसरीला लागते आणि उभ्या डक्टमध्ये ज्वाळा वर चढत जाते. म्हणून जुडग्याची चाचणी वेगळी आहे, आयईसी ६०३३२-३, साडेतीन मीटर उंच शिडीवर केबलचा गठ्ठा बांधतात आणि खालून बर्नर लावतात, ए आणि बी कॅटेगरीला ४० मिनिटं, सी ला २० मिनिटं, आणि जळाल्याची खूण बर्नरपासून अडीच मीटरच्या वर जायला नको. डक्टमध्ये आणि ट्रेवर जाणाऱ्या केबलसाठी दुकानदाराला हा "-३" वाला रिपोर्ट मागा, लायटर नको.

आता धूर. एफआर आणि एफआरएलएसएच दोन्हींची साल पीव्हीसीचीच असते. साध्या पीव्हीसीच्या रेझिनमध्ये वजनाने साधारण ५७ टक्के क्लोरीन असतं, आणि खरं सांगायचं तर पीव्हीसी पटकन पेट घेत नाही ते या क्लोरीनमुळेच. पण तेच पीव्हीसी आगीत जळायला लागलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि तो डोळ्यातल्या, नाकातल्या, फुफ्फुसातल्या ओलाव्याला लागला की त्याचं ॲसिड होतं. डोळे उघडे राहत नाहीत, श्वास घेता येत नाही, वर काळाकुट्ट धूर. आगीत माणसं भाजून जाण्याआधी धुराने जातात हे आपण ऐकलेलं असतं पण वायर घेताना आठवत नाही. एफआरएलएसएच मध्ये हा वायू कमी केलेला असतो, संपवलेला नसतो, त्या प्रकारच्या वायरीला सहसा २० टक्क्यांपर्यंत ॲसिड वायूची सूट असते. एचएफएफआर मध्ये हीच मर्यादा अर्धा टक्का आहे. वीस आणि अर्धा! तुमच्या भावाला हे दोन आकडे दाखवा. धुराची चाचणी पण साधी आहे समजायला, आयईसी ६१०३४, तीन बाय तीन बाय तीन मीटरची बंद खोली, आत केबल जाळायची आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर प्रकाश किती पोचतो ते मोजायचं, निदान ६० टक्के पोचला पाहिजे. म्हणजे जिन्याची पायरी दिसेल इतपत.

एचएफएफआर हे करते कसं, तर तिच्या इन्सुलेशनमध्ये भरपूर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड नाहीतर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड कालवलेलं असतं. पहिलं साधारण २०० अंशाला विघटित व्हायला लागतं आणि त्यातून पाण्याची वाफ निघते, ती वाफच आगीला थंड करते. डोकेबाज प्रकार आहे. पण इतकी भुकटी कालवली की प्लास्टिक जरा ठिसूळ होतं, पाइपातून खेचताना साल सोलली जाते, ओलावा पण पीव्हीसीपेक्षा जास्त धरते. म्हणून इलेक्ट्रिशियन कुरकुरतात आणि त्यांची कुरकुर अगदीच खोटी नाही. पाइप एक साइज मोठा घ्या, बेंड कमी ठेवा आणि खेचताना वायर खेचायचं जेल वापरायला सांगा, साबण नको.

आता तुमच्या बिल्डिंगकडे येते. माझं म्हणणं असं की बिल्डिंगला काय नाव आहे, घर की क्लास की हॉस्पिटल, ते बघून वायर ठरवू नका. आतल्या माणसांना बाहेर पडायला किती वेळ लागणार आणि धूर त्यांच्या वाटेत येणार का ते बघा. बंगला आहे, एकमजली, दोन दारं, चार धडधाकट माणसं, तिथे चांगल्या कंपनीची एफआर भिंतीतल्या पाइपातून नेली तर मी हरकत घेणार नाही. तुमचं तसं नाहीये. एक जिना, मधे मुलं, खाली पेशंट, आणि तुम्ही सगळ्यात वर, म्हणजे दवाखान्यात काही जळलं तर तो धूर तुमच्याच जिन्यातून वर येणार. त्यामुळे आर्किटेक्टचं ऐका. जिना, पॅसेज, उभा डक्ट आणि दवाखाना इथे एचएफएफआर, यात घासाघीस नको. क्लासमध्ये पण तीच. बजेट खरंच ताणलं तर वरच्या घरातल्या खोल्यांमध्ये, भिंतीच्या आतल्या पाइपातून, एफआरएलएसएच चालेल, पण तीन मजल्यांना मिळून जी वायर लागते त्यात एका मजल्याने किती वाचणार ते आधी लिहून काढा, बहुतेक वेळा ते एका एसीच्या स्टॅबिलायझरच्या वर जात नाही.

दवाखान्याबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर कारण ही सहसा कोणी सांगत नाही. वायरच्या बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये ऑक्सिजन इंडेक्स लिहिलेला असतो, २९, ३० असा काहीतरी. त्याचा अर्थ असा की ते इन्सुलेशन जळत राहायला हवेत कमीत कमी इतके टक्के ऑक्सिजन लागतो. आपल्या साध्या हवेत २१ टक्के असतो म्हणून वायर विझते, दुकानदाराचा लायटरचा खेळ जमतो तो याच कारणाने. पण पेशंटच्या उशाशी ऑक्सिजनचा मास्क सैल बसलाय, व्हॉल्व्ह गळतोय, खोली बंद, एसी चालू, तर त्या कोपऱ्यात ऑक्सिजन २१ च्या बराच वर जाऊ शकतो, आणि एकदा का तो तिशीच्या वर गेला की तीच "न जळणारी" वायर झकास जळते, चादर गादी तर जळतेच. म्हणून ऑक्सिजनच्या पॉइंटच्या अगदी शेजारी सॉकेट देऊ नका, एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको, खोलीत हवा खेळती ठेवा आणि ऑक्सिजनचा मेन व्हॉल्व्ह असा ठेवा की सिस्टरला धावत जाऊन बंद करता येईल. कितीही भारी वायर घेतली तरी ही काळजी वेगळी घ्यावीच लागते.

क्लासमध्ये सगळे लाइट-पंख्याची वायर बघतात आणि फॉल्स सीलिंगच्या वर काय चाललंय ते कोणी बघत नाही. तिथे नेटवर्कची केबल, कॅमेऱ्याची, स्पीकरची, प्रोजेक्टरची, सगळी नंतर आलेल्या माणसाने नंतर टाकलेली आणि सगळी साधी पीव्हीसी. मग खालच्या महागड्या एचएफएफआरचा उपयोग काय! नेटवर्क केबल पण एलएसझेडएच मिळते, ऑर्डर देतानाच सांगायचं, कॅमेरेवाल्याला पण लेखी द्यायचं. आणि पुढे कधी जुनी केबल बाद झाली तर ती छतात तशीच पडून राहू देऊ नका, काढायला लावा, ते नुसतं जळण असतं.

बाहेरच्या कामाला मात्र उगाच एचएफएफआर नको. मीटरपासून बोअरच्या मोटरपर्यंत जमिनीतून जाणारी केबल, किंवा कंपाउंडच्या लाइटची, तिथे धूर कोणाच्या नाकात जाणार नाही पण पाणी आणि घुशी नक्की येणार, तिथे एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं एक प्लास्टिक) इन्सुलेशनची आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली केबल, वरची साल पीव्हीसीची असली तरी चालते. आर्किटेक्टने सरसकट लिहिलं असेल तर हे एवढं बदलून घ्या. गच्चीवर सोलर टाकणार असाल तर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत सोलरचीच डीसी केबल, घरातली उरलेली कॉइल नाही, ऊन आणि डीसीचा व्होल्टेज तिला झेपत नाही.

आता तो तिसरा प्रश्न, आगीत चालू राहायची वायर. आग लागली की मेन बंद करतात, बरोबर आहे, पण काही गोष्टी तेव्हाच चालू लागतात: फायर अलार्म, आगीचा पंप, धूर खेचणारा पंखा, जिन्यातले इमर्जन्सी लाइट, आणि दवाखान्यात एखादं मशीन ज्यावर पेशंट आहे. एचएफएफआर इथे उपयोगाची नाही हो, ती धूर कमी करेल पण इन्सुलेशन जळालं की शॉर्ट होऊन बंदच पडणार. फायर सर्व्हायवल केबलमध्ये तांब्याच्या तारेवर अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असते, प्लास्टिक जळून गेलं तरी अभ्रक तारांना एकमेकींना लागू देत नाही. आयईसी ६०३३१-१ आणि -२ मध्ये तिला निदान ८३० अंशाच्या आगीत ठेवून वरून ठोके मारतात आणि सर्किट टिकतं का बघतात, ब्रिटिश बीएस ६३८७ मधली सी कॅटेगरी त्याहून कडक, ९५० अंश तीन तास. नावात मात्र घोळ आहे, कोणी फ्लेम रिटार्डंटला एफआर म्हणतं तर कोणी फायर रेझिस्टंटला, म्हणून बिलावर नुसतं "एफआर" चालणार नाही, स्टँडर्डचा नंबर लिहून घ्या. ६०३३२ असेल तर आग न पसरवणारी, ६०३३१ असेल तर आगीत टिकणारी. एका आकड्याचा फरक आहे आणि काम अगदी वेगळं आहे.

तुमच्याकडे कुठे लागेल, तर अलार्मची पूर्ण लूप, पंप असेल तर पंपाला वीज नेणारी फीडर केबल, आणि इमर्जन्सी लाइट जर एका मोठ्या बॅटरीवरून चालणार असतील तर त्यांची पण. लाइटच्या आतच स्वतःची बॅटरी असेल तर सोडा, त्याची वायर जळाली तर तो उलट आपोआप चालू होतो, तसाच तो बनवलेला असतो. ही सर्किटं वेगळ्या पाइपातून आणि मेन स्विचच्या आधीपासून वेगळी घ्या, नाहीतर पहिला आलेला माणूस मेन पाडेल आणि पंप पण बंद. पंपाच्या केबलचा एक हिशोब इलेक्ट्रिशियनला जरूर विचारा. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, २० अंशाला जो असेल तो ८३० अंशाला चारपटीच्या वर जातो. म्हणजे केबलचा जेवढा भाग आगीत सापडला तेवढ्या भागात व्होल्टेज ड्रॉप चौपट, आणि मोटर सुरू होताना आधीच जास्त करंट ओढते, तेव्हा कागदावर बरोबर असलेली केबल ऐन वेळी मोटर फिरवू शकत नाही. साइज एक नंबर वर घ्या.

आणि क्लिपा! इतकी भारी केबल आणि ती प्लास्टिकच्या क्लिपांनी किंवा केबल टायने भिंतीला लटकवलेली, हे सर्रास चालतं. २०१० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स या उंच इमारतीत आग लागली, प्लास्टिकचा आधार वितळून वरच्या केबल खाली लोंबकळल्या आणि फायर ब्रिगेडची माणसं त्यात अडकली, दोघं जवान गेले. त्यानंतर तिथल्या वायरिंगच्या नियमात केबलचा आधार आगीत टिकणारा पाहिजे असं घातलं गेलं, आधी फक्त बाहेर पडायच्या वाटांसाठी आणि २०१८ पासून सगळीकडे. तुमच्या जिन्यात आणि पॅसेजमध्ये छताला जे काही उघडं जाईल त्याला मधे मधे स्टीलचे सॅडल मारून घ्या, फार खर्चाचं काम नाही, आणि कोणत्याच देशाचा नियम तुम्हाला याला अडवणार नाही.

भोकांचं पण तसंच. डक्ट प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधून जातो तिथे केबलच्या भोवती मोकळी जागा राहते, त्यातून धूर थेट वर. १९७५ साली अमेरिकेत अलाबामामधल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलच्या भोकाजवळ हवा गळतेय का ते बघायला एका कामगाराने मेणबत्ती धरली, भोक बुजवायला जो फोम वापरला होता तोच पेटला आणि १६०० च्या वर केबल जळाल्या. तेव्हा भोकं बुजवा, पण बुजवायचा माल कसला आहे ते विचारा, साधा पिवळा स्प्रे फोम नाही, फायर स्टॉप मॉर्टर किंवा सीलंटच. आणि हे काम सगळ्या केबल टाकून झाल्यावर करायचं असतं, त्यामुळे विसरतं, कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल यासाठी अडवून ठेवा.

मॉल, थिएटर, खोल पार्किंग, उंच टॉवर यांची चौकशी तुम्ही केली नाहीये पण वाचणाऱ्यांपैकी कोणी विचारेलच, तिथे हाच तर्क जास्त कडक होतो इतकंच, आतून बाहेरची वाट लांब म्हणून एचएफएफआर आणि इमर्जन्सी सर्किटं सर्व्हायवल, पर्यायच नाही. सर्व्हरच्या खोलीत माणूस नसला तरी एचएफएफआर, कारण तो ॲसिडचा वायू मशीनच्या सर्किट बोर्डांना खाऊन टाकतो. जिथे नियमात काय लिहिलंय ते याहून कडक असेल तिथे नियम पाळा, आणि तुमच्या दवाखान्याला तर फायरवाल्यांची परवानगी लागेलच, वायर विकत घ्यायच्या आधी त्यांची यादी हातात घ्या.

माल आल्यावर तपासायचं कसं? सालीवर दर काही अंतरावर कंपनी, साइज, प्रकार आणि स्टँडर्डचा नंबर छापलेला हवा, बॉक्सवर असून उपयोग नाही, आणि रिपोर्टवरचा प्रकार हाच आहे ना ते बघा. घरी एक जुनी युक्ती पण करता येते. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, पक्कडीत जाड तांब्याची उघडी तार धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल करा, हिरवा रंग येत नाही इतकी स्वच्छ झाली की ती तापलेली तार वायरच्या सालीला टेकवा आणि परत ज्योतीत न्या. ज्योत हिरवीगार झाली तर त्यात क्लोरीनसारखं काहीतरी आहे, म्हणजे एचएफएफआर म्हणून तुम्हाला पीव्हीसी दिलीये. हिरवं नाही झालं तर लगेच नाचू नका, एवढंच कळलं की क्लोरीनसारखं काही नाही, बाकी आग न पसरवण्याचं काम तपासायला तो लॅबचा रिपोर्टच लागतो.

एक अजून, इलेक्ट्रिशियनला सांगा की वायर भारी घेतली म्हणून एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मोठी टाकायची नाही. एक्सएलपीईची तार ९० अंशापर्यंत चालते आणि पीव्हीसीची ७०, हे तो सांगेल आणि जास्त लोड टाकू म्हणेल, पण ती तार ज्या स्विचमध्ये नि सॉकेटमध्ये जाऊन बसते ते बहुतेक ७० च्या हिशोबाचेच असतात. दीड एमएमच्या लाइटच्या सर्किटला ६ किंवा १० अँपिअरची, अडीचला १६ ची, बस. आणि सगळे स्क्रू लोड टाकून काही दिवस झाले की परत एकदा आवळायचे, विजेच्या आगी बऱ्याचदा वायरच्या मधे नाही तर अशा ढिल्या जोडापाशी सुरू होतात.

सासऱ्यांचं घर: याच झटक्यात नको, आधी मोजा. मेन बंद करून, टीव्ही, पंखे, बल्ब, इमर्जन्सी सगळं सुटं करून, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन मोजायला लावा, फेज-न्यूट्रल आणि दोन्ही अर्थशी. एक मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट बदलायचंच. वर आलं पण दोन-तीन स्विचबोर्ड उघडून बघितल्यावर वायरची साल बोटाने वाकवली की तडकतेय, किंवा टर्मिनलपाशी काळी-तपकिरी झालीये, किंवा अर्थची तारच नाहीये, तरी बदला. यातलं काही नसेल तर फक्त किचन, गिझर आणि एसीच्या लाइनी नव्या टाका, डीबीत (स्विचांच्या मुख्य पेटीत) आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच बसवा आणि बाकीची राहू द्या, पण पुढच्या वेळी रंगकाम काढाल तेव्हा मेगर परत लावून घ्या आणि रीडिंग डीबीच्या दाराच्या आत तारखेसकट लिहून चिकटवून ठेवा.